खुर्चीमागचा आवाज

सभागृहात खुर्च्या एकशे बारा होत्या. त्यातल्या चार मोडक्या, भिंतीशी एकात एक घालून ठेवलेल्या, एक लाल, बाकीच्या पांढऱ्या, म्हणजे कधीकाळी पांढऱ्या. छताला सहा पंखे, पैकी मंचाजवळचा एक दर फेऱ्याला टक् करणारा. खिडक्या आठ, उघडणाऱ्या पाच. मंच म्हणजे गुडघ्याएवढा उंच सिमेंटचा ओटा, त्यावर एक लाकडी खुर्ची, एक तिवई आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र. शेवटच्या रांगेमागे माझं टेबल; नाटकाच्या आवाजाचं काम माझ्याकडे होतं. पंखे चालू असताना तिथे सेहेचाळीस डेसिबल भरले, बंद केल्यावर तेहेतीस. हे मोजायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मिक्सर आणि पंखे बनवणाऱ्या कंपनीत, आवाज तपासायच्या खोलीत मी नोकरी करते. हातात मीटर असला की खोलीत शिरल्या शिरल्या आधी खोलीच मोजायची, ही सवय लागून गेलेली आहे. लाकडी खुर्ची मात्र मोजायची गरज नव्हती. तिचा डावा हात कुठे झिजलाय, मागच्या आडव्या पट्टीवरचं पॉलिश कुठे गेलंय, हे मला पाठ होतं. ती आमच्या घरची होती. बाबांची.

आमच्या वसाहतीतली माणसं आपल्याच वसाहतीवर नाटक बसवत होती. ही कल्पना बाईंची. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, अर्ध्या वसाहतीला त्यांनी शिकवलेलं, त्यामुळे पन्नाशीचे लोकही त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे. त्या घरोघरी जाऊन लोकांशी बोलल्या, ते टेपवर घेतलं, आणि त्यातून प्रसंग काढले. नियम दोनच. स्वतःचं आयुष्य कोणी स्वतः करायचं नाही. ते दुसऱ्याने करायचं. आणि ज्याचा प्रसंग चालू असेल त्याने पहिल्या रांगेतल्या लाल खुर्चीत बसायचं. त्याने हात वर केला की प्रसंग तिथे थांबला. का म्हणून कोणी विचारायचं नाही. तालमीतच नाही, प्रयोगातसुद्धा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने असाच हात वर करून आपलं लग्न कापून टाकलं होतं. आई टेपवर बोलली तेव्हा मी कामावर होते. "काय सांगितलंस?" असं विचारल्यावर तिने नेहमीच्या आवाजात, म्हणजे खालच्या मजल्याला कळेल अशा, उत्तर दिलं होतं, "काय सांगणार? तुझे बाबा बहिरे होते आणि मी ओरडत होते!" तेवढंच असेल असं मीही धरून चालले. तालमीला पहिल्यांदा गेले तेव्हा टेलरमावशी बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहून "दूऽध संपलंय!" असं आईसारखं बोंबलत होती, आणि खुर्चीत बसलेले ड्रायव्हरकाका कानाला हात लावून "आँ?" करत होते, आणि सगळे हसत होते, लाल खुर्चीतली आई सगळ्यांत मोठ्याने. मी वायरी जोडत होते. मग बाई म्हणाल्या, "आता खुर्चीच्या मागे जा, आणि तो दुसरा आवाज." मला वाटलं काही तांत्रिक असेल. टेलरमावशी खुर्चीच्या मागे गेली, मागच्या पट्टीवर दोन्ही हात ठेवले, ड्रायव्हरकाकांच्या टाळूकडे बघितलं आणि ओठ हलवायला लागली. मला एक शब्द ऐकू आला नाही. पंख्याचा टक् तेवढा येत होता. "हा कुठला आवाज?" मी जवळच्या कोणाला तरी विचारलं. "अगं, तुझ्या आईचाच की," तो म्हणाला. "बाबांच्या मागे उभं राहून रोज बोलायच्या ना हळू. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. बाबा डबे बनवायच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या यंत्रावर होते, आणि मी शाळेत जायला लागायच्या आधीच त्यांचे कान गेले होते. कानातलं यंत्र मिळालं होतं, पण घरी आल्याबरोबर ते काढून ताटलीत ठेवायचे. म्हणायचे, कानात कोणी चमचे धुतंय असं वाटतं. मग आमच्या घरात बोलणं म्हणजे समोर यायचं, तोंड दिसेल असं उभं राहायचं आणि पोटापासून आवाज काढायचा. मी घरी तसं बोलायला शिकले आणि शाळेत तसं न बोलायला. दोन आवाज दोन चपलांसारखे दाराशी बदलायचे. आईने कधी बदलला नाही. ती दुकानात तशीच बोलायची, दवाखान्यात तशीच, फोनवर तशीच. वसाहतीतली पोरं तिला भोंगा म्हणायची. तिला ते ठाऊक होतं. सकाळी खिडकीतून मला हाक मारली की खालून कोणीतरी ओरडायचं, "भोंगा झाला, पळा!" आणि ती वरून उत्तर द्यायची, "पळा पळा, नाहीतर पगार कापेन!" नोकरी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी मीटर घरी आणला होता. एक मीटर अंतरावरून आईचं "चहा घे" अठ्ठ्याहत्तर भरलं. आमच्या कंपनीचा मोठा मिक्सर याच्या थोडाच वर जातो. मला ते आवडलं होतं, आकडा मिळाल्याचं समाधान वाटलं होतं. जसं एखाद्याचा रक्तगट कळावा. हा माझ्या आईचा आवाज, असं मी धरलं होतं. बाबा जाऊन वर्ष होत आलं तरी आकडा खाली आला नव्हता. "आई, मला ऐकू येतं गं," मी म्हणायची. "मग मी काय करू!" ती ओरडायची. आणि आता, मी तिथे नसताना, त्या खुर्चीमागे तिचा एक दुसरा आवाज रोज होता, आणि तो मी एकदाही ऐकलेला नव्हता. दुःख असं नाही म्हणता येणार. ज्या खोलीत सबंध आयुष्य काढलं तिच्या भिंतीत एक दार होतं असं कोणी सांगावं, तसं काहीतरी, आणि तेही वायरी जोडताना.

त्यानंतर मी एकही तालीम चुकवली नाही. मागच्या टेबलापाशी काम नसतानाही बसायची. त्या दुसऱ्या आवाजातलं बोलणं लिहिलेलं नव्हतं, कारण आईने ते टेपवर सांगायला नकार दिला होता. "मागे उभी राहून बोलायचे, एवढं घ्या," ती बाईंना म्हणाली. "काय बोलायचे ते माझं आणि त्यांचं."

"त्यांचं कसं?" लिफ्टवाला म्हणाला. "त्यांना तर ऐकूच येत नव्हतं."

"म्हणूनच!" आई म्हणाली. सगळे हसले. मग ती उठून उभी राहिली, कारण तिला बसून समजावता येत नाही. "हे बघा. दूध संपलं हे ओरडून सांगता येतं. गॅस आला, बिल आलं, पोरगी पास झाली, सगळं ओरडून सांगता येतं. भीती वाटते हे ओरडून सांगा बघू. सांगा ना. तुम्ही सांगा." तिने लिफ्टवाल्याकडे बोट केलं. तो खरंच तयारीला लागला, छाती भरून घेतली, आणि मग सोडून दिली. "नाही ना? ओरडलं की ते भांडण होतं. मग मी मागे जाऊन सांगायचे. त्यांना तोंड दिसायचं नाही, म्हणजे कळायचं नाही, आणि माझं सांगून व्हायचं."

तेव्हा टेलरमावशीने तिथे मनाला येईल ते बोलायचं, असं ठरलं. तिचा नवरा दुसऱ्या गावी कामाला होता, महिन्यातून एकदा यायचा. तिला बोलण्यासारखं बरंच असावं. ती रोज वेगळं बोलायची आणि संपलं की नाक पुसत टेप, कात्री, काय हाती येईल ते शोधायला लागायची. ड्रायव्हरकाकांना मात्र त्रास होत होता. चाळीस वर्षं बस चालवताना मागून कोणी काही बोललं तर आरशात बघायची सवय. मागे कोणी बोलतंय आणि आपण ढिम्म बसायचं हे त्यांना जमेना. म्हणून ते वर्तमानपत्राची पानं उलटत राहायचे. एकदा आईने हात वर केला. प्रसंग थांबला. नियमाप्रमाणे कोणी विचारलं नाही, पण तिनेच सांगितलं.

"पान उलटू नका. ते उलटायचे नाहीत."

"वाचणारा माणूस पान उलटणारच ना, वहिनी."

"मी बोलत असताना नाही. मी आत गेले की मग उलटायचे."

"का?"

"हळू वाचायचे ते," आई म्हणाली आणि बसली.

मी मागे टेबलापाशी होते. बाबा हळू वाचायचे नाहीत. बाबा वर्तमानपत्र असं वाचायचे की बशीतला चहा निवायच्या आत खेळाच्या पानावर पोचलेले असायचे; मी अजून पहिल्या पानाची वाट बघत असायची आणि ते मला पूर्ण वर्तमानपत्र देऊन टाकायचे, "घे, काही नाही त्यात." ज्याला मागे कोणी बोलतंय हेच कळत नाही, त्याला बोलणारी आत गेल्याचं कसं कळणार? मी मंचावरच्या खुर्चीकडे बघितलं. सागवानी, जड, सांधे घट्ट. मागच्या पट्टीवर दोन हातांचे पंजे, जिथलं पॉलिश गेलंय तिथेच. बोलताना छाती कापते, छातीतून खांदे, खांद्यातून पंजे. लाकूड ते सोडत नाही, पुढे देतं. पाठ टेकून बसलेल्या माणसाच्या बरगड्यांपर्यंत ते सहज पोचेल. शब्द पोचणार नाहीत. पण बोलणं चालू आहे आणि आता थांबलं, एवढं पोचेल. किती पोचेल हे मला त्याच क्षणी मोजावंसं वाटलं, आणि मोजायला माणूस नव्हता.

खुर्ची रोज तालमीनंतर घरी परत यायची. दोन दिवसांनी सकाळी, ती सभागृहात न्यायला माणसं यायच्या आधी, मी प्रयोग केला. कंपनीतून कानावर घालायच्या जाड टोप्या आणल्या होत्या, यंत्राजवळ काम करणारे घालतात त्या. त्या घालून बाबांच्या खुर्चीत बसले, पाठ टेकली, डोळे मिटले आणि आईला म्हटलं, "मागे उभी राहा. पट्टीवर हात ठेव. आणि बोल काहीतरी. बाबांशी बोलायचीस तसं." पट्टीवर वजन आलं तेवढं कळलं. मग टोप्यांमधून, फोममधून, सगळ्यामधून स्पष्ट ऐकू आलं, "काय बोलू?" मी म्हटलं, "हळू गं." "हळूच बोलतेय!" आई ओरडली. मी टोप्या काढल्या. ती हात पट्टीवरून काढून आता ते कुठे ठेवावेत अशा विचारात उभी होती. "नाही येत गं तुझ्याशी," ती म्हणाली, म्हणजे खालच्या मजल्यालाही म्हणाली. "तू ऐकतेस ना." आणि भांडी घासायला निघून गेली. तिने नळ पूर्ण सोडला. मी खुर्चीत बसून राहिले. तिचा तो आवाज ऐकायला मिळणं आता एका अटीवर अवलंबून होतं, आणि ती अट अशी की मला ऐकू येता कामा नये. अशा मापनाला उपकरण नसतं. मापणारा आला की मापायचं निघून जातं, हे परीक्षेत मी वेगळ्या संदर्भात लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी बाई माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांनी तिवईखाली एक छोटा माइक चिकटवला होता. "टेलरचा तो हळू आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या भागात लोक हसणार. हसतीलच, हसण्यासारखंच आहे. पण दुसरा भाग ऐकूच गेला नाही तर तुझी आई लोकांच्या लक्षात नुसती भोंगा म्हणून राहील. मला ते नकोय."

"आईने माइक नको म्हणून सांगितलंय."

"म्हणून तिला सांगितलेलं नाही. गरज पडली तर ही आवाजाची पट्टी वर कर. थोडी. तुझ्यावर सोडते." शाळेत जशा म्हणायच्या, तुझ्यावर सोडते, तशाच. म्हणजे सोडलेलं नसायचं.

लोक आले. तुटक्या चार खुर्च्याही कोणीतरी भिंतीला टेकवून वापरात आणल्या, तरी पंधरावीस माणसं मागे माझ्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. गरम होत होतं, सहाही पंखे पूर्ण वेगावर होते. लिफ्टवाल्याचं लग्न वगळून बाकीचं आयुष्य झालं, टाळ्या पडल्या. मग आई उठून लाल खुर्चीत जाऊन बसली, आणि मागून कोणीतरी बारीक आवाजात भोंग्यासारखं "भोंऽऽ" केलं. हशा. टेलरमावशी मंचावर आली. "दूऽध संपलंय!" सभागृह कोसळलं. "आँ?" "दूऽऽध!" "धूर? कुठे धूर?" लोक एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत म्हणाला, "अगदी तीच! हुबेहूब!" मीटर शहाऐंशीवर गेला. मला आईची फक्त मान दिसत होती. ती हसतेय की नाही ते मानेवरून कळत नव्हतं. आणि मला पहिल्यांदाच असं वाटलं की तालमींमध्ये ती सगळ्यांत मोठ्याने हसायची ते, एखादी वस्तू कोणी हिसकावून घेण्याआधी आपणच देऊन टाकावी, तसं असेल. माझं बोट आवाजाच्या पट्टीवर होतं.

टेलरमावशी खुर्चीच्या मागे गेली. पट्टीवर हात ठेवले. ड्रायव्हरकाकांनी वर्तमानपत्र उघडून धरलं. ती बोलायला लागली, ओठ हलत होते, आणि सेहेचाळीस डेसिबलचे पंखे त्या आवाजावरून फिरत होते. पहिल्या दोन रांगा पुढे झुकल्या. मागच्या अजून हसण्याच्या गुंगीत होत्या. "आवाज!" कोणीतरी ओरडलं. "आवाज वाढवा!" दुसरा म्हणाला, "अरे आता भोंग्याचा भोंगा बिघडला," आणि परत हशा सुरू झाला, पहिल्यापेक्षा वाईट, कारण आता मंचावर हसण्यासारखं काही नव्हतं. बाई कडेला उभ्या होत्या, त्या माझ्याकडे बघत होत्या. पट्टी वर करायला बोटभर जागा पुरली असती. मी वर केली असती तर ऐकू आलं असतं. शब्द आले असते, सगळ्या सभागृहाला, स्पीकरच्या पेटीतून, जाड होऊन. म्हणजे ओरडूनच. भीती वाटते हे ओरडून सांगा बघू. मी पट्टी खाली खेचली, होती त्याच्याही खाली, अगदी शून्याला टेकेपर्यंत, आणि तिथे दाबून धरली. बाईंनी मान वळवली. टेलरमावशीचे ओठ थांबले. ती लाल खुर्चीकडे बघत होती.

आईचा हात वर गेला.

हा नियम सगळ्यांना माहीत होता; सुरुवातीलाच सांगितला होता. हशा तुटक तुटक होत थांबला. माझ्या शेजारचा म्हणाला, "गेलं. कापला प्रसंग." तिने आता घरी जायचं, आम्ही दोघींनी खुर्ची उचलून वर न्यायची, आणि यापुढे तिने दूध संपल्याचं सांगायचं, मी ऐकायचं. आई उभी राहिली, मंचाकडे पाठ केली, आम्हा सगळ्यांकडे तोंड केलं. तोंड दिसेल असं.

"पंखे बंद करा!"

ब्याण्णव. मीटरवर मी ब्याण्णव याआधी फक्त कंपनीत पाहिलं होतं. "मेलात तरी चालेल उकडून," आई म्हणाली, "पण तिला बोलू द्या." कोणी हसलं, पण ते आधीचं हसू नव्हतं. वॉचमन दाराजवळच्या बटणांपाशीच उभा होता; त्याने एक एक करून सहाही बटणं खाली केली. पंखे लगेच थांबत नाहीत. पाती दिसायला लागली, मग मोजता यायला लागली, टक् लांबत गेला, शेवटचा टक् झाला की नाही याची वाट बघायला लागावी इतका लांबला. आई वळून लाल खुर्चीत बसली. "बोल गं," ती म्हणाली.

टेलरमावशी बोलली. मला सगळं ऐकू आलं असं नाही. खांदा सकाळपासून दुखतोय, असं काहीतरी. उगाच कशाला कोणाला सांगायचं. तुमचा शर्ट उसवलाय बगलेत, तो घालून गेलात, दिवसभर मला तेच आठवत राहिलं. मधे ती बराच वेळ थांबली, आणि त्या वेळात मी सवयीने मीटरकडे बघितलं. इतकी माणसं, मागे उभी राहिलेली धरून, आणि आकडा तेहेतीस होता. मग ती म्हणाली, मी घाबरते. एवढंच, कशाला ते नाही. ड्रायव्हरकाकांच्या हातातलं वर्तमानपत्र हललं नाही. ती पट्टीवरून हात काढून आत निघून गेली. ते थोडा वेळ तसेच बसले, आणि मग त्यांनी पान उलटलं. कागदाचा तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ आला.

लोक गेले तेव्हा अजून उजेड होता. टेलरमावशीला बायकांनी घेरलं होतं, ड्रायव्हरकाका पुन्हा पुन्हा सांगत होते की बस चालवणं परवडलं. बाई माझ्या टेबलापाशी आल्या, शून्याला टेकलेल्या पट्टीकडे बघितलं, आणि तिवईखालचा माइक सोडवायला गेल्या. घामाने सगळ्यांचे कपडे पाठीला चिकटले होते आणि पंखे लावायचं कोणालाच सुचलं नव्हतं. आई रांगांमधून वाट काढत मागे आली, वाटेतली एक वाकडी खुर्ची सरळ केली, आणि टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. मी वायर गुंडाळत होते. सांगावं की नाही हे मी तालमीपासून घोळवत होते. तिचं सांगून व्हायचं ते कोणाला कळत नाही म्हणून व्हायचं. ते कळत होतं असं मी सांगितलं तर मागे जाऊन मी तिची एवढ्या वर्षांची एक खोली उघडी केल्यासारखं होणार होतं. आणि नाही सांगितलं तर बाबा तिथे पाठ टेकून, पान धरून, नुसतेच बसलेले राहणार होते.

"आई," मी म्हटलं. "बाबा हळू वाचायचे नाहीत."

तिने टेबलावरच्या वायरीचं टोक उचललं, गाठ सोडवली, आणि माझ्या हातात दिलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

मीटर बंद करायचा राहिला होता. अंतर एक मीटर. बावन्न.